फसलेल्या प्रयोगांची वहीही उघडा

प्रति,
बायोफाउंड्री, नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर



मी सिंगापुरात राहणारी, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मराठी बाई. मे २०१९ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात सोळा बायोफाउंड्रींनी मिळून जागतिक आघाडी उभी केली, तेव्हा त्यांत तुम्ही होता. संगणकावर डीएनए आखायचा, यंत्रांकडून तो जोडून घ्यायचा, जिवंत पेशीत तपासायचा आणि निकाल पाहून पुन्हा आखायचा, हे तुमचे काम. ते एकट्याने रेटण्यासारखे नाही, हे तुम्ही वेळीच ओळखलेत, याचे मला मनापासून कौतुक आहे.

यीस्टची सगळी गुणसूत्रे नव्याने लिहिण्याच्या प्रकल्पात तुमच्या विद्यापीठाच्या वाट्याला पंधरावे गुणसूत्र आले. डीएनएच्या दहा लाखांच्या आसपास अक्षरांचा तो मजकूर. अमेरिका, ब्रिटन, चीन, ऑस्ट्रेलिया इथल्या प्रयोगशाळांनी बाकीची गुणसूत्रे वाटून घेतली होती. या कामात मला सर्वांत मोलाचे वाटते ते दोष शोधणे. नव्या गुणसूत्राचे यीस्ट मंद वाढते, मग नेमका कुठला तुकडा अडतो ते हुडकायचे. हे दोष शोधनिबंधांत आले, म्हणून पुढच्यांना ते पुन्हा शोधावे लागले नाहीत.

पण बायोफाउंड्रीतल्या रोजच्या कामाचे तसे होत नाही. एक अपवाद आठवतो : अमेरिकेत एमआयटी आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या गटाला नव्वद दिवसांत दहा रेणू बनवायचे आव्हान दिले गेले होते, कुठले ते आधी न सांगता. २०१८ साली त्यांनी निकाल छापला : सहांच्या बाबतीत तो रेणू किंवा त्याचा जवळचा नातलग मिळाला. उरलेल्या चारांबद्दलही त्यांनी लिहिले, आणि मी तोच भाग पुन्हा पुन्हा वाचते. असे लिहिण्याची रीत मात्र अजून पडलेली नाही. न जुळलेला प्लाझ्मिड (डीएनएचे वर्तुळ), न वाढलेली वसाहत, एका यंत्रावर चाललेली आणि दुसऱ्यावर बिघडलेली कृती, हे सगळे ज्याच्या त्याच्या संगणकात पडून राहते.

तुमच्याकडे यंत्रे एका दिवसात शेकडो नमुने हाताळतात, त्यामुळे एक फसला तरी फारसे अडत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठात संशोधक विद्यार्थिनी एक जनुक मागवते, आठवडे वाट पाहते, हाताने पिपेट चालवते. तिचा फसलेला प्रयोग म्हणजे कधी कधी अनुदानाचा मोठा हिस्सा. तुमच्याकडे तोच तुकडा आधीच फसला असेल, तर तिला ते कळायला हवे. भारतानेही ऑगस्ट २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठीचे बायोई३ धोरण मंजूर करून बायोफाउंड्री उभारायचे ठरवले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे. तिथल्या जिवाणूंवर काम करणाऱ्यांना तुमच्या नोंदी थेट उपयोगी पडतील.

म्हणून विनंती अशी. आघाडीतल्या सर्वांनी फसलेल्या बांधणीची एक सामाईक, मोफत नोंदवही सुरू करावी : कुठला डीएनए, कुठली पेशी, किती तापमान, कुठल्या पायरीवर अडले. रोगजंतू आणि विषे यांच्या नोंदी वगळाव्यात, त्यात माझे दुमत नाही. कंपन्यांसोबत केलेले काम करार संपेपर्यंत बाजूला ठेवावे, तेही रास्त. बाकीचे राखून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पहिली पाने तुमची असावीत. गेल्या वर्षी जे जुळले नाही, ते आघाडीच्या पुढच्या बैठकीत मांडा आणि नोंदीचा नमुना इतरांना द्या.

कळावे,
सिंगापूरमधील एक मराठी वाचक