बहिणीची किडनी आणि मेडिकलवरची गोळी

वाचकहो, मागे आम्ही धुळ्यास एका नातलगाला दवाखान्यात भेटावयास गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मजुरी करणाऱ्या बहिणीने त्यांना आपली एक किडनी दिली. ऑपरेशन मुंबईस झाले. नंतर लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. तीन दिवसांत बरे वाटले, गोळ्या बंद. महिन्याने तेच. तिसऱ्या खेपेस थंडी वाजून आली आणि लघवीचे कल्चर झाले. आम्ही पडलो कारकून, रकाने वाचायची सवय. रिपोर्टात औषधांच्या नावांपुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द: रेझिस्टंट.

दुसऱ्याची किडनी शरीर परकी मानते. ती टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि त्यामुळेच जंतूंचे फावते. कधी ताप फारसा चढतही नाही, पण आत रोग वाढत असतो. जंतू साध्या औषधांना दाद देईनासे झाले की मेरोपेनेमसारखी इंजेक्शने उरतात. त्यापुढचे कोलिस्टिन किडनीलाच इजा करू शकते. म्हणजे जिला वाचवायचे तिच्यावरच घाव! शिवाय क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढते, तर टीबीच्या रिफॅम्पिसिनने ते घटते. म्हणून या रुग्णाने प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज साधी गोळीही घेऊ नये.

कल्चरचा नमुना औषध सुरू करण्याआधी द्यावा. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथे चौकशी करावी. उलट बाजूही आहे. ऑपरेशननंतरचे पहिले एक-दोन महिने सोडले, तर काही त्रास नसताना नुसते रिपोर्टात जंतू दिसले म्हणून अँटिबायोटिक देऊ नये, असे आता तज्ज्ञ सांगतात. विनाकारण दिलेल्या औषधाने जंतू अधिक निबर होतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेचा हा धोका 1945 सालीच सांगितला होता.

आपल्याकडे 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. सिफिक्झिमसारखी औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. विकल्यास डॉक्टरचे व रुग्णाचे नाव दुकानदाराने वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावयाची असते. ही वही किती दुकानांत भरली जाते, हे वाचकांनीच पाहावे. मात्र सारा दोष रुग्णाच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. मुंबईची एक खेप म्हणजे गाडीभाडे आणि दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी. मेडिकलवाला उधारीही देतो.

चौदा दिवस इंजेक्शने चालली. बहीण रोज वॉर्डाबाहेर बसून असे. आम्हांला पाहताच तिने विचारले, "भाऊ, मनी किडनी वाचनी का?" क्रिएटिनिन 2.6 वर गेले होते, ते 1.6 वर उतरले. पूर्वीच्या 1.3 वर मात्र आले नाही. सुटीच्या दिवशी तिने मुंबईच्या डॉक्टरांचा फोन नंबर आमच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतला आणि तो कागद गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला.