बायबल व इतिहासाचें वावडें

धर्मग्रंथ वाचावयाचा तो श्रद्धेनें. त्यांत इतिहासाची लुडबूड कशाला, असें बायबलाविषयीं म्हणणारे भाविक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. आणि त्याच ग्रंथांतील एखादें वाक्य चिमटींत धरून, 'पाहा हें ईश्वराचें वचन!' म्हणून हंसणारे सुशिक्षित गृहस्थही आमच्या ओळखीचे आहेत. हे दोन पक्ष एकमेकांचें तोंड पाहण्यास राजी नसतात. तथापि आमच्या मतें ते एकाच माळेचे मणी होत. कारण, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीं हिब्रू व ग्रीक भाषांत लिहिलेले ग्रंथ जणूं काय काल सायंकाळीं आपल्याच आळींत लिहिले गेले, असें दोघेही धरून चालतात. इतिहास बाहेर ठेवला म्हणजे ग्रंथ शुद्ध स्वरूपांत हातीं येतो, हा मोठाच भ्रम आहे. ग्रंथकाराचा काळ बाहेर घालविला, कीं त्या रिकाम्या जागीं वाचकाचा काळ येऊन बसतो. आणि वाचक आपल्याच मनांतलें वाचून शास्त्रार्थ सांपडला असें समजतो.

प्रथम हंसणारांचा समाचार घेऊं. डोळ्याबद्दल डोळा आणि दांताबद्दल दांत, या मोशेच्या नियमावर त्यांचा विशेष कटाक्ष असतो. हा रानटीपणा नव्हे तर काय, असा त्यांचा सवाल. आतां, इ. स. १९०१-०२ च्या हिंवाळ्यांत इराणांतील सूसा येथें फ्रेंच संशोधकांस एक काळा शिलास्तंभ सांपडला. तो पॅरिस येथील लूव्हर संग्रहालयांत ठेवला आहे. त्यावर बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे कोरलेले असून ते ख्रिस्तापूर्वीं सुमारें साडेसतराशें वर्षांचे आहेत. तेथेंही डोळ्याबद्दल डोळा आहेच. पण तो प्रतिष्ठित मनुष्याचा डोळा गेला असेल तर! कनिष्ठ दर्जाच्या माणसाचा गेला, तर ठराविक चांदी देऊन सुटका. दुसऱ्याच्या गुलामाचा गेला, तर त्याच्या किमतीच्या निम्मी भरपाई. गवंड्यानें बांधलेलें घर कोसळून मालकाचा मुलगा दगावला, तर जीव जावयाचा तो गवंड्याच्या मुलाचा!

हें वाचून मग मोशेच्या शास्त्राकडे वळावें. 'निर्गमा'च्या एकविसाव्या अध्यायांत हा नियम सांगून झाल्यावर लगेच असें आहे कीं, धन्यानें गुलामाचा डोळा फोडला किंवा दांत पाडला, तर त्या गुलामास मोकळें सोडावें. बापाच्या अपराधासाठीं मुलास मारूं नये, असें 'अनुवाद' बजावतो. आणि परक्यास व स्वकीयास कायदा एकच, असें 'लेवीय' म्हणतो. म्हणजे ज्यास हे गृहस्थ सुडाची आज्ञा समजतात, ती वस्तुतः सुडास घातलेली मर्यादा होती. एका डोळ्याबद्दल एकच डोळा. अख्खें कुटुंब नव्हे.

परंतु येथें भाविकांनींही टाळ्या पिटण्याचें कारण नाहीं. त्याच अध्यायांत, मारलेला गुलाम एकदोन दिवस जगला तर धन्यास शिक्षा नाहीं, कारण गुलाम हें त्याचें धनच होय, असेंही लिहिलें आहे. इतिहास हा कोणाचा भाडोत्री वकील नव्हे. तो एक आरोप खोडून काढतो, तर दुसरा कायम करतो. आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची.

या साक्षीचीच भाविकांस भीति वाटते. परकीय राजांचे लेख उकरून काढले तर श्रद्धा डळमळेल, असें त्यांस वाटतें. एक उदाहरण घेऊं. ख्रिस्तापूर्वीं ७०१ या वर्षीं अश्शूरचा राजा सन्हेरीब यानें यहूदा देशावर स्वारी केली. 'राजे' या ग्रंथांत हिज्कीया राजानें त्यास तीनशें किक्कार रुपें व तीस किक्कार सोनें खंडणी दिल्याचें नमूद आहे. किक्कार हें त्या काळचें मोठें वजन. आतां सन्हेरीबाचाही स्वतःचा लेख मातीच्या स्तंभावर सांपडला असून तो लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांत तटबंदीचीं ४६ नगरें घेतल्याची व हिज्कीयास पिंजऱ्यांतील पांखरासारखें कोंडल्याची प्रौढी आहे; सोनें तीसच किक्कार आहे, पण रुपें मात्र आठशें! आणि यरुशलेम घेतल्याचा शब्दही नाहीं. लाखीश नगर पडलें त्याचीं चित्रें त्यानें निनवे येथील राजवाड्याच्या भिंतींवर कोरविलीं, तीं त्याच संग्रहालयांत आहेत. बायकापोरांसह सामानाच्या गाड्या घेऊन निघालेले बंदिवान् त्यांत पाहावे, आणि मग यशयाचा पहिला अध्याय उघडावा. द्राक्षमळ्यांतील खोपीसारखी एकटी उरलेली सियोन नगरी ही तेथें केवळ काव्यांतली उपमा राहत नाहीं. जळालेल्या खेड्यांचा वास तिला येऊं लागतो. या साक्षीनें श्रद्धा डळमळली कीं ग्रंथ सजीव झाला, हें वाचकांनींच सांगावें.

नव्या करारासही हाच न्याय लागू आहे. शोमरोनी मनुष्याची गोष्ट घ्या. वाटेंत लुटून टाकलेल्या जखमी प्रवाशास तो उचलतो, येवढें वाचून आपण त्यास 'परोपकारी' म्हणतों व पान उलटतों. पण शोमरोनी व यहूदी यांचें हाडवैर होतें. गरिज्जीम डोंगरावरील शोमरोन्यांचें मंदिर यहूदी महायाजक व राज्यकर्ता योहान हिर्कानस यानें ख्रिस्तापूर्वींच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उद्ध्वस्त केलें होतें. तेव्हां येशूच्या श्रोत्यांनीं जी गोष्ट ऐकली, ती भूतदयेचा साधा पाठ नव्हती. ज्याची सावली नको, त्याच्याच हातून जीव वांचतो, ही कानशिलांत बसणारी चपराक होती. इतिहास वगळला, कीं चपराक जाऊन गोड बोधकथा तेवढी उरते.

कोणी म्हणेल, उरली तर उरली, बिघडलें काय? बिघडतें तें असें. मत्तयाच्या शुभवर्तमानांत जमावाच्या तोंडीं एक उद्गार आहे. येशूच्या रक्ताचा दोष तो जमाव आपणांवर व आपल्या मुलांवर घेतो. येशू स्वतः यहूदी, त्याचे बारा शिष्य यहूदी. वधस्तंभ ही रोमन शिक्षा व हुकूम रोमन अधिकारी पिलात याचा. त्याच्या नांवाचा व हुद्द्याचा शिलालेख १९६१ मध्यें कैसरिया येथें सांपडला. आपसांतील भांडणाच्या वेळचे तिखट शब्द पुढें परक्या राष्ट्रांच्या हातीं गेले. काळवेळेचें भान सुटलें. आणि त्या एका उद्गाराच्या आधारें समग्र यहूदी जात ख्रिस्तघातकी ठरली. १०९६ मध्यें ऱ्हाइन नदीकांठीं वर्म्स व माइन्त्स येथें क्रूसाच्या नांवानें निघालेल्या झुंडींनीं यहूद्यांची जी कत्तल केली, तिच्या मुळाशीं हें वाचन होतें. असा सरसकट दोष यहूद्यांवर ठेवतां येत नाहीं, असें रोमन कॅथोलिक चर्चच्या धर्मपरिषदेनें जाहीर केलें तें १९६५ मध्यें! आपल्या कोंकणांत शनवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल तेल्यांस असले दिवस पाहावे लागले नाहींत, हें आपलें भाग्य. परंतु चुकीचें वाचन किती महाग पडतें, हें त्यांच्या युरोपांतील बांधवांस विचारावें.

मग काय प्रत्येक भाविकानें मातीच्या विटा वाचीत बसावें? असें आम्ही म्हणत नाहीं. शोकाच्या रात्रीं एखाद्या स्तोत्रानें मनास धीर येतो, त्यास शिलालेखाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. ईश्वर बोलला कीं नाहीं, हाही निकाल कुदळीनें लागणारा नव्हे. पण जो त्या ग्रंथाच्या आधारें दुसऱ्यास उपदेश करतो, किंवा जो त्याचा उपहास करतो, त्यानें श्रम टाळतां कामा नये. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं निराश्रित स्त्रियांचा संसार सांभाळून हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि समग्र बायबल मराठींत आणलें. त्यांची श्रद्धा त्या अभ्यासानें उणी झाली, असें कोणी म्हणूं शकेल काय?

निदान येवढें तरी व्हावें. कोणतेंही वचन उच्चारण्यापूर्वीं, हें कोण, कोणास, कोणत्या प्रसंगीं बोलला, हे तीन प्रश्न विचारावे. आपल्या घरीं आलेलें पत्रसुद्धां आपण पाठविणाराचें नांव व तारीख पाहिल्यावांचून वाचीत नाहीं. ज्यावर कोट्यवधि लोकांचा विश्वास आहे, त्या ग्रंथास तेवढाही मान देऊं नये, ही भक्ति नव्हे आणि विद्वत्ताही नव्हे.