हॉर्न बदलण्याआधी करंट शोधा

हॉर्न बंद पडला की नवा हॉर्न आणायचा, ही श्रीवर्धनात रीतच होऊन बसली आहे. मला ती अजिबात पटत नाही. आपल्या किनाऱ्यावर मुका झालेला हॉर्न पुष्कळदा चांगलाच असतो; त्याच्यापर्यंत करंट पोचत नसतो किंवा पोचलेल्या करंटला परत जायला वाट नसते. हॉर्न बसवलेला असतो गाडीच्या तोंडाशी, जाळीच्या मागे. पावसाळ्यात शेखाडीकडे लाटांचं पाणी रस्त्यावर येतं, बागमांडल्याच्या फेरीबोटीत खारे तुषार उडतात, आणि हे सगळं आधी तिथेच जाऊन बसतं.

परवा शेजारच्या काकांची गाडी पाहिली. गॅरेजमध्ये हॉर्नची नवी जोडी बसवून आणलेली, तरी आवाज नाही. बॉनेट उघडलं आणि म्हटलं, “काका, हॉर्न दाबून धरा.” फ्यूजबॉक्समध्ये ‘टक’ असा बारीक आवाज आला. तो रिलेचा. म्हणजे स्टिअरिंगवरचं बटण आणि रिलेची कॉइल ठीक, दोष पुढे. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, टोक हॉर्नच्या कपलरमध्ये घातलं, दिवा लागला. तीच क्लिप तिथून काढून हॉर्नच्या पट्टीला लावली, तर दिवा लागेना. करंट हॉर्नपर्यंत येत होता, पण बॉडीचं अर्थिंग मिळत नव्हतं. बोल्ट काढला तर पट्टीखाली गंजाचे पापुद्रे. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं, आणि दोन्ही हॉर्न वाजले. जुनी जोडी डिकीतच होती. बॅटरीवर डायरेक्ट लावून पाहिली, तर तीही खणखणीत वाजली. काकांचे पैसे वाचवायला पाच मिनिटांची तपासणी पुरली असती. ती गॅरेजमध्येच व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘टक’ ऐकूच आलं नाही, तर आधी फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला, तर कुठेतरी वायर सोलून बॉडीला लागते आहे. अशा वेळी मोठा फ्यूज टाकणं म्हणजे फ्यूजऐवजी वायर जाळायला ठेवणं. फ्यूज चांगला असेल तर त्याच नंबरचा दुसरा रिले अदलाबदल करून पाहा. तरीही शांतता असेल आणि एअरबॅगचा दिवाही लागून राहिला असेल, तर स्टिअरिंगखालची गुंडाळीची केबल तुटली असण्याची शक्यता मोठी. तिथे घरी हात घालू नका. एअरबॅग फुटली तर माणूस जखमी होतो. ते काम जाणकाराकडेच द्या.

घोगरा आवाज येत असेल, तर बिघाड हॉर्नच्या पोटात: पडदा गंजलेला किंवा आतले पॉइंट झिजलेले. मागच्या स्क्रूने थोडं जुळवता येतं, पण पडदाच गेला असेल तर मात्र नवा हॉर्न घ्या. तो घेताना मूळ वायरिंगवर जास्त करंट खेचणारा हॉर्न चढवू नका. अनेक सुरांच्या हॉर्नना तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 119 ने मनाईच केलेली आहे.

हरिहरेश्वरच्या गर्दीत कारण नसताना हॉर्न वाजवत बसणाऱ्यांची मला चीड आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा हॉर्न वाजवण्याला पहिल्या वेळी 1000 रुपये आणि पुन्हा केल्यास 2000 रुपये दंड आहे, आणि तो लावलाच पाहिजे. पण म्हसळ्याकडून येताना आंधळ्या वळणावर समोरून एसटी येत असते, वाडीतून निघणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी गडग्याआडून सायकलवरचं पोर येतं. तिथे हॉर्न नसलेली गाडी चालवणं मला ब्रेक नसलेल्या गाडीइतकंच गैर वाटतं. हॉर्न दुरुस्त होईपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.

पावसाळ्याआधी मे महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला द्याल, तेव्हा ऑइल आणि वायपरच्या जोडीने जॉबकार्डवर आणखी एक ओळ लिहून घ्या: हॉर्नचा कपलर आणि अर्थिंगचा बोल्ट काढून साफ करणे. गाडी परत घेताना बॉनेट उघडायला लावून तो बोल्ट स्वतः बघा.