अंडी गिळणाऱ्या आईला दोष देण्यापूर्वी

राजारामपुरीतल्या एका भगिनीचं पत्र आलंय. घरात फिश टँक, त्यात एंजल माशांची जोडी. जोडीनं तीनदा अंडी घातली आणि तिन्ही खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी फस्त! धाकट्या लेकीनं रडून घर डोक्यावर घेतलं, तर सासूबाई म्हणतात, ‘स्वतःची पोरं खाणारी अवदसा घरात नको, देऊन टाक कुणाला तरी.’ काय करू, असं त्या विचारतात.

बाई, ठेवा ती जोडी. आणि सासूबाईंना हे वाचून दाखवा.

अंडी मादीनंच खाल्ली, हे कुणी पाहिलं? एंजल हा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा. पिलांचा सांभाळ करण्यासाठी हे कूळ प्रसिद्ध आहे, आणि एंजलमध्ये तो दोघं मिळून करतात. आधी एखादं रुंद पान नाहीतर फिल्टरची नळी तोंडानं घासून लख्ख करायची. मग मादी ओळीनं अंडी चिकटवत जाते, नर मागोमाग ती फळवतो. त्यानंतर पाळीपाळीनं पंखांनी वारा घालणं सुरू. पांढरी पडलेली अंडी वेचून खाल्ली जातात, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांना लागते. म्हणजे थोडी अंडी खाणं हा राखणीचाच भाग! (अंडी झाल्यावर नर पेपर उघडून बसत नाही, हेही घरात जरा मोठ्यानं वाचायला हरकत नाही.)

मग सगळीच का जातात? जोडी तरुण असली की पहिल्या काही खेपा बहुधा अशाच वाया जातात. दुसरं कारण भीती. टाकीत इतर मासे असले, पोरांनी काचेवर टकटक केली, रात्री दिवा फटकन बंद झाला, की जोडी बिथरते आणि अंडी गिळून मोकळी होते. आणि दर खेपेला सगळी अंडी पांढरीच पडत असतील, तर दोन्ही माद्या असण्याचा संभव आहे! एंजलच्या दोन माद्याही जोडी जमवतात. एरवी फरक कळत नाही; अंडी घालायच्या वेळी पोटाखाली नळी दिसते, ती मादीची जाड नि बोथट, नराची बारीक नि टोकदार.

तेव्हा जोडीला स्वतंत्र टाकी द्या. शाळेच्या जुन्या दगडी पाटीचा तुकडा धुऊन आत तिरका टेकवा, त्यावर अंडी घालतील. नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून मगच घाला. पाणी २७-२८ अंश हवं. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात हीटरशिवाय भागायचं नाही. रात्री खोलीत मंद दिवा राहू द्या आणि अंडी असताना टाकी साफ करायला जाऊ नका. आणखी दोन-तीन खेपा वाट पाहा. तरी जमलं नाही तर पाटीचा तुकडा त्याच पाण्याच्या छोट्या टाकीत हलवा, जवळ हवेचे बुडबुडे सोडा आणि मिथिलीन ब्लूचे थेंब घाला.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, पण पिलं तिथंच चिकटून वळवळतात. पोटाला बलक असतो, त्यामुळे तेव्हा खायला घालू नका. आठवडाभरात पोहू लागली की मात्र जिवंत खाणं हवं. आर्टेमियाची सुकी अंडी दुकानात मिळतात, मिठाच्या पाण्यात साधारण दिवसभरात फुटतात. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण अगदी चिमूटभर, नाहीतर पाणी नासतं.

सासूबाईंना हेही सांगा, की बाजारातली चिलापी याच कुळातली. तिची मादी अंडी तोंडात धरते आणि तितके दिवस जवळजवळ उपाशी राहते. पिलं सुटी झाल्यावरही धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. गोव्याकडचा कालुंदरही याच घराण्यातला, तिथं आई-बाप दोघंही राखण करतात.

पिलं जगली तर शंभरच्या पुढे असतील, एवढी घरात मावणार नाहीत. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की दुकानदार घेईल का, हे आधीच विचारून ठेवा. रंकाळ्यात मात्र सोडू नका. चिलापी भारतात १९५२ साली आणली, ती तळ्या-धरणांत पसरून इथल्या माशांच्या वाट्याचं खाऊ लागली. लेकीला दहा-बारा पिलं ठेवू द्या, आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं काम तिच्याकडेच सोपवा.