वहीतला शेरा

आमच्या बडोद्यात शिक्षणाविषयी चार शब्द लिहावयाचे म्हटले की लेखणी प्रथम श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे वळते. १८९३ साली त्यांनी अमरेलीकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास तेव्हा दंड होत असे. आज ज्यांचे मूल शाळेत नित्य येऊनही इतरांसारखे शिकू शकत नाही, अशा पालकांकडून आपण एक निराळाच दंड वसूल करीत असतो. त्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. कारण तो वसूल करणाऱ्यांत मीही होते.

चौथीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. तोंडी हिशेबात तो सर्वांच्या पुढे. परंतु वाचावयास उभा राहिला की ‘घ’ आणि ‘ध’ यांत अडखळे, जोडाक्षरापाशी तर थांबूनच जाई. त्याच्या वहीत मी दर आठवड्यास लाल शाईने शेरा लिही : ‘घरी लक्ष द्यावे.’ एके दिवशी त्याची आई मधल्या सुट्टीत आली आणि वही माझ्यापुढे उघडी ठेवून म्हणाली, “बाई, रात्री अकरापर्यंत याला घेऊन बसते मी. आणखी किती लक्ष देऊ, तेवढं यात लिहून द्या.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे दीड वर्षाने तज्ज्ञांनी तपासून सांगितले की मुलाची बुद्धी उत्तम असून त्याला वाचनाची विशिष्ट अक्षमता आहे. ती आईच्या दुर्लक्षाने येत नाही. म्हणजे माझे सारे शेरे चुकीच्या पत्त्यावर गेले होते.

मुलाचे काही उणे दिसले की आईकडे बोट दाखविण्याची ही खोड अडाण्यांचीच आहे असे नव्हे. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्न मुलांचे वर्णन प्रथम सविस्तर प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे मोठमोठे विद्वान हेच सांगत राहिले की आईच्या थंड, मायाहीन वागण्याने मुले अशी होतात. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. ते मानसशास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. तोवर किती मातांनी स्वतःला अपराधी मानले असेल, याचा हिशेब कोण देणार?

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांत या दोषारोपाला आणखी एक फाटा फुटतो. घरी मराठी, शेजारी गुजराती, शाळेत हिंदी आणि इंग्रजीही. मूल उशिरा बोलू लागले की कोणीतरी अधिकारवाणीने सांगते, “एवढ्या भाषा कशाला? घरातली मराठी बंद करा.” आणि ती बंद होते! मग आजी नातवाशी मोडक्यातोडक्या गुजरातीत बोलू पाहते आणि शेवटी नुसतीच त्याच्या पाठीवरून हात फिरवते. वस्तुतः दोन भाषा कानांवर पडल्याने स्वमग्न किंवा मंदगतीचे मूल अधिक मागे पडते, असे अभ्यासकांना आढळलेले नाही. सवलत हवी ती परीक्षेत, आणि कायद्याने तशी तरतूद केलेली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. त्यांत स्वमग्नता आहे आणि वाचन-लेखनाची अक्षमताही आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, या गोष्टी त्यात स्पष्ट लिहिल्या आहेत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य-विमा योजनाही आहे. परंतु दाखल्यासाठी रांगेत दिवस घालवावयाचा तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि घरी दुसरे मूल असतेच. त्या रांगेत कोणी शेजारी सोबत उभा राहिला, अर्ज भरून दिला, तर त्याला मी मदत म्हणेन. “किती सोसता हो तुम्ही!” असे म्हणून निघून जाणे ही मदत नव्हे. खरे सांगावयाचे तर या स्तुतीचा मला अलीकडे रागच येतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याही वर्गात अशा घरातील एखादी बहीण बसत असेल. भावाला पोहोचवून ती धावतपळत येते आणि उशिराबद्दल बोलणी खाते. तिच्या भावाला तुम्ही कधी वाढदिवसाला बोलावले आहे काय? तो गोंगाटाने घाबरेल, एखादा पेला सांडेल, फुगे फुटताना कानांवर हात ठेवील. म्हणून त्या घरी निमंत्रण जात नाही. हळदीकुंकवाचेही हळूहळू थांबते. रविवारी दोन तास त्याच्याशी कोणी खेळले तर त्याच्या आईला निवांत झोप मिळेल. तिने बहुधा दुसरे काही मागितलेही नसते.

त्या मुलाच्या वहीत मी नंतर निराळे लिहू लागले : आज त्याने काय केले, आणि उद्यासाठी आम्ही शाळेत काय करू. पहिल्या आठवड्यात आईची नुसती सही आली. दुसऱ्या आठवड्यात सहीखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘बाई, काल आम्ही नऊलाच झोपलो.’