पंचाहत्तर टक्के नक्की

परवा एका मित्राचा फोन आला. त्याचा पंपांचा धंदा आहे, सेल्सला सहा माणसं आहेत, आणि आता त्याला सीआरएम घ्यायचंय. "तू सॉफ्टवेअरमधला ना, मग सांग. सेल्सफोर्स घेऊ, झोहो घेऊ की हबस्पॉट?" मी म्हटलं, कुठलंही घे, फारसा फरक पडत नाही. त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो हो. पण फरक का पडत नाही हे फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं, कारण त्यात माझाच एक जुना घोळ आहे. म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी मी भोसरीतल्या एका कंपनीसाठी काम करत होतो. (नाव नको.) कंपनी कारखान्यांना लागणारी मशिनं ऑर्डरप्रमाणे बनवून द्यायची. एकेक मशीन तीस-चाळीस लाखांचं. सेल्सला आठ जण. कुणाकडे काय चाललंय हे ज्याच्या त्याच्या डोक्यात, नाहीतर डायरीत. मोठ्या साहेबांचं म्हणणं रास्त होतं: "उद्या यातला एक जण सोडून गेला तर माझी गिऱ्हाइकंही त्याच्या खिशातून जातील." शिवाय पुढच्या तीन महिन्यांत साधारण किती ऑर्डरी येणार हे त्यांना आधी कळायला हवं होतं, कारण मोटारी, कंट्रोलर वगैरे माल कितीतरी आठवडे आधी मागवावा लागायचा. सीआरएम बसवायचं काम माझ्याकडे आलं.

मी भलत्याच उत्साहाने कामाला लागलो. प्रत्येक डीलसाठी तेवीस रकाने केले, त्यातले चौदा सक्तीचे. भरल्याशिवाय सेव्हच होणार नाही! ऑर्डर कधी येणार ती तारीख सक्तीची. डील हातची गेली तर त्याचं कारण सक्तीचं. दर सोमवारी सकाळी प्रोजेक्टरवर रंगीबेरंगी डॅशबोर्ड. पहिल्या सोमवारी साहेबांनी पाठ थोपटली. मला तर वाटलं, आपण या कंपनीला डोळे दिले.

काही महिन्यांनी आतला डेटा उघडून बघितला आणि कपाळावर हात मारला. ग्राहकाचा मोबाइल नंबर: ओळीने दहा नऊ. ऑर्डरची अपेक्षित तारीख: निम्म्या डीलना ३१ मार्च. १ एप्रिलला त्या सगळ्या गुण्यागोविंदाने ३० जूनवर जाऊन बसल्या. डील हातची जाण्याचं कारण: जवळजवळ प्रत्येक वेळी 'किंमत जास्त'. त्यावरून किमती कमी कराव्यात का, अशी एक गंभीर मीटिंगसुद्धा झाली. नंतर माझ्या लक्षात आलं की ड्रॉपडाउनमधला पहिलाच पर्याय 'किंमत जास्त' हा होता. आणि तो पहिला मीच ठेवला होता...

सेल्समध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. बाकीच्यांच्या डील साठ, पंचाहत्तर, नव्वद टक्क्यांवर. काकांच्या सगळ्या दहावर. मला वाटलं यांना सॉफ्टवेअर जमत नाही. शिकवायला गेलो.

"काका, कोटेशन देऊन दोन महिने झाले ना? मग हे अजून दहा टक्क्यांवर का?"

"अरे, कोटेशन काय कुणीही मागतं. त्यांना फाइलला तीन कोटेशनं लावायची असतात. नवरा मुलगा आधीच ठरलेला असतो, बाकीचे दोघे नुसते वऱ्हाडी."

"मग ऑर्डर खरी आहे हे कधी समजायचं?"

"कॅन्सल्ड चेक मागितला की."

तेव्हा मी हसलो होतो. पण यात किती अर्थ आहे बघा. आपल्याकडे मोठी कंपनी नव्या पुरवठादाराला ऑर्डर देते तेव्हा आधी त्याला आपल्या सिस्टिममध्ये घ्यावं लागतं. त्यासाठी पॅन, जीएसटीचं सर्टिफिकेट, कॅन्सल्ड चेक असं सगळं मागवून व्हेंडर कोड काढतात. हे खटाटोपाचं काम असतं, आणि ते समोरच्या माणसाला करावं लागतं. विकत घ्यायचंच नसेल तर कुठला पर्चेसवाला उगाच ही उस्तवार करेल? कोटेशन मागायला मात्र एक ईमेल पुरते.

आता टक्क्यांकडे येऊ. हे टक्के येतात कुठून? सेल्सफोर्सचं उदाहरण घ्या. (आम्ही ते वापरत नव्हतो, पण आमची शिडी साधारण तशीच होती.) त्याच्या मूळ मांडणीत प्रॉस्पेक्टिंगला १० टक्के, व्हॅल्यू प्रपोझिशनला ५०, प्रपोजल किंवा प्राइस कोटला ७५ आणि निगोशिएशनला ९० टक्के असे आकडे आधीच भरलेले येतात. ते बदलता येतात, बदलावेत म्हणूनच असतात. पण बसवणारा माणूस माझ्यासारखा असेल तर ते तसेच राहतात. म्हणजे भोसरीतल्या कंपनीने चाकणच्या कारखान्याला कोटेशन पाठवलं, की दुसऱ्या कुणीतरी नमुन्यादाखल लिहिलेल्या आकड्याच्या जोरावर ती ऑर्डर 'पंचाहत्तर टक्के नक्की' होते. समोरचा आपल्याला वऱ्हाडी म्हणून बोलावतोय की नवरा म्हणून, हे त्या आकड्याला काय माहीत?

मग त्याच आकड्यावर गणित होतं. चाळीस लाखांच्या दहा डील, म्हणजे चार कोटी. गुणिले ७५ टक्के. म्हणजे तीन कोटी. आकडा अगदी जाणता, सावध वाटतो, कारण चारातला एक आपण आधीच सोडून दिलेला असतो. पण असल्या सरासरीला अर्थ यायला दोन गोष्टी लागतात. एक, ते ७५ स्वतःच्या अनुभवातून आलेले हवेत. आणि दोन, डील पुष्कळ आणि एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. महिन्याला हजार पॉलिसी विकणाऱ्याला सरासरी लागू पडते. दहा मशिनं विकणाऱ्याला नाही. त्यातली सहा एकाच उद्योगाला जाणार असतील आणि त्या उद्योगात मंदी आली, तर सहाही एकदम लटकतात.

आमचं नेमकं तेच झालं. डॅशबोर्डवर विश्वास ठेवून कंपनीने माल मागवला. ऑर्डरी अंदाजाच्या एक तृतीयांशही आल्या नाहीत. गोडाउनमध्ये कंट्रोलरची खोकी, बँकेची लिमिट पूर्ण वापरलेली, आणि मग ठरलेला मार्ग... असेंब्लीतल्या कंत्राटी मुलांना थांबवलं. त्यातली काही माझ्याबरोबर कँटीनमध्ये जेवायला असायची. त्यांनी ना कोटेशन दिलं होतं ना डॅशबोर्ड बघितला होता.

त्यानंतर एका शनिवारी मी उशिरा सुचलेलं शहाणपण केलं. आधीच्या दोन वर्षांतली कोटेशनं काढली आणि ती ऑर्डरींशी ताडून बघितली. पाचांतलं जेमतेम एक! म्हणजे आमचे ७५ टक्के खरं तर २०च्या आसपास होते. ही माहिती पहिल्या दिवसापासून सर्व्हरवर पडून होती. कुणी विचारलं नाही, आणि मला सुचलं नाही.

काकांचं काय झालं? दर सोमवारी "तुमची पाइपलाइन एवढी बारीक का?" ऐकून ऐकून ते कंटाळले आणि सोडून गेले. वास्तविक ते सांगायचे ती ऑर्डर यायची. ज्यांच्या नोंदी खऱ्या होत्या असे आठांत ते एकटेच, आणि प्रोजेक्टरवर सगळ्यात वाईट तेच दिसायचे. ते गेल्यावर त्यांची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे द्यायला आम्ही सीआरएम उघडलं. प्रत्येक नावापुढे एकच शेरा: "फॉलोअप चालू." कोणत्या प्लँट हेडला सोमवारी फोन केलेला चालत नाही, कुणाकडे जुनं मशीन कधी बदलायला येणार, कुठे खरा निर्णय मेंटेनन्सवाल्याच्या हातात असतो, हे सगळं डायरीत. डायरी काकांबरोबर गेली. ज्या एका भीतीपोटी आम्ही सीआरएम घेतलं, तीच गोष्ट सीआरएम असताना घडली.

मला वाटतं गोम इथे आहे. १९८७ साली आलेलं 'अ‍ॅक्ट' हे या प्रकारातलं सुरुवातीचं गाजलेलं सॉफ्टवेअर सेल्समनच्या स्वतःच्या सोयीसाठी होतं: कुणाला कधी फोन करायचा, मागच्या वेळी काय बोलणं झालं. ती त्याची वहीच होती, फक्त शोधता येणारी. पुढे १९९३ मध्ये सीबेल सिस्टिम्स आणि १९९९ मध्ये सेल्सफोर्स आली, आणि सगळ्यांची वही एका जागी आली. त्यात फायदा खराच होता. पण वहीचा मालक बदलला. लिहिणारा एक आणि वाचणारा भलताच, अशी अवस्था झाली. आणि वाचणारा जर पगारवाढ ठरवणारा असेल, तर लिहिणारा काय लिहील? जे वाचल्यावर सोमवार सुखाने पार पडेल ते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात साधारण हेच मांडलं होतं: आकड्यावर नियंत्रणाचा दाब आला की त्या आकड्याचा भरवसा संपतो. आपल्या पोरांनासुद्धा हे कळतं. प्रगतिपुस्तक बाबांना दाखवायचं असतं, डायरी नाही.

कुणी म्हणेल, मग माणसांना शिस्त लावा, खोटं लिहिलं तर बोनस कापा. साहेबांनी तेही करून बघितलं. त्यानंतर दहा नऊंऐवजी खरे दिसणारे खोटे नंबर आले, एवढाच फरक! आता तर फोनवरचं बोलणं ऐकून आपोआप नोंद करणारी एआय साधनं आली आहेत. टंकायचा त्रास वाचेल, चांगलंच आहे. पण नोंदीचा उपयोग धाकासाठीच होणार असेल, तर महत्त्वाचं बोलणं फोन बंद करून चहाच्या टपरीवर होईल. माणूस पळवाट शोधण्यात कुठल्याही मशीनपेक्षा हुशार आहे.

तर मित्रा, कुठलंही सीआरएम घे, पण एवढं कर.

टप्पे ठरवताना आपण काय केलं ते लिहू नकोस, गिऱ्हाइकाने काय केलं ते लिही. 'कोटेशन पाठवलं' हा टप्पा नव्हे, ती आपली हौस झाली. 'त्यांनी ट्रायलसाठी त्यांचा जॉब पाठवला', 'व्हेंडर फॉर्म पाठवला', 'अ‍ॅडव्हान्सच्या टक्क्यांवर घासाघीस सुरू केली' हे टप्पे. यात सेल्समनला थाप मारायला जागा कमी, आणि मारायची गरजही कमी.

टक्के स्वतःच्या जुन्या ऑर्डरींवरून काढ. टॅली आणि कोटेशनचं फोल्डर घेऊन बसलास तर एक सुट्टीचा दिवस पुरेल. मोठ्या डील मात्र टक्क्यांत गुणू नकोस, एकेक नाव घेऊन "ही आली नाही तर काय?" असं विचार. माल त्या उत्तरावर मागव.

सक्तीचे रकाने चार-पाचाच्या वर नेऊ नकोस. त्याऐवजी एक आकडा मशीनला आपोआप मोजू दे: ऑर्डरची तारीख किती वेळा पुढे ढकलली. तीनदा ढकललेली डील काय लायकीची आहे हे कुणालाही कळतं, त्याला डॅशबोर्ड लागत नाही. आणि डील मेली म्हणून सांगणाऱ्यावर ओरडू नकोस. नाहीतर मेलेल्या डील वर्षानुवर्षं पाइपलाइनमध्ये बसून राहतील, रेशनकार्डावरच्या आजोबांसारख्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भरणाऱ्याला त्यातून काहीतरी परत मिळू दे. ऑर्डर मागायला गेलेल्या माणसाला गेटवर "तुमचं मशीन तीन दिवस बंद आहे, आधी ते बघा" असं ऐकावं लागतं तेव्हा त्याची काय अवस्था होते माहितीये? भेटीला निघायच्या आधी त्या गिऱ्हाइकाची सर्व्हिसची तक्रार, थकलेलं बिल आणि संपत आलेली एएमसी त्याच्या मोबाइलवर दिसली, तर तो ते सॉफ्टवेअर स्वतःहून उघडेल. आणि स्वतःहून उघडलं, तर खरंही लिहील.

हे सगळं मला तेव्हा कळायला हवं होतं. काकांनी तर एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांच्या 'कॅन्सल्ड चेक'साठी माझ्या तेवीस रकान्यांत जागा नव्हती.

असो. मित्राला लिंक पाठवतोय. तो म्हणालाय, वाचतो. नक्की!