पुण्याचा पहिला नंबर आणि उजनीचं पाणी

उजनी धरणाच्या काठावरच्या केत्तूर गावातून पहाटे होडी निघते, तेव्हा मच्छीमाराला आधी वल्ह्याने जलपर्णी बाजूला सारावी लागते. जाळ्यात चिलापी येते, तिच्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याही येतात. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं, हात घातला की बोटांना बुळबुळीत साय चिकटते.

हे पाणी कुठून येतं, ते इथे करमाळा तालुक्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मुळा-मुठा पुण्यातून वाहते, पुढे भीमेला मिळते, आणि भीमा उजनीत येते. शहराचं सगळं सांडपाणी शुद्ध होत नाही. उरलेलं नदीत सुटतं.

ऑगस्ट 2018 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने राहण्यायोग्य 111 शहरांची क्रमवारी जाहीर केली. पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. 15 विषय आणि 78 निकष लावून हे ठरलं होतं आणि त्यात सांडपाणीही होतं. पण मोजणी थांबली ती महापालिकेच्या हद्दीवर. नदी तिथे थांबत नाही. मार्च 2021च्या यादीत बंगळूरु पहिलं आणि पुणे दुसरं आलं. तेव्हा 30 टक्के गुण नागरिकांच्या मताला होते. ही सुधारणा चांगलीच. फक्त मत त्या त्या शहरातल्यांचं होतं, खालच्या काठावरच्यांचं नव्हतं.

मर्सर या सल्लागार कंपनीची शहरांच्या जीवनमानाची जगप्रसिद्ध यादी तर मुळात परदेशी बदली होणाऱ्या कर्मचाऱ्याला गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, यासाठी निघाली. तिथे न्यूयॉर्कला 100 गुण धरून इतर शहरं जोखतात. मोजणारा कोणासाठी मोजतो, यावर काय मोजायचं ते ठरतं.

2011च्या जनगणनेत करमाळा शहराची लोकसंख्या 23 हजारांच्या आसपास होती. मोठ्या शहरांच्या याद्यांत ते बसत नाही. इथले लोक आपलं गाव मोजतात ते वेगळ्या मापांनी: नळाला पाणी किती दिवसांआड, जेऊर स्टेशनला वेळेत पोचायला एसटी आहे का, रात्री छातीत कळ आली तर सव्वाशे किलोमीटरवरचं सोलापूर गाठायचं कसं. श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीच्या मंदिराजवळ 96 पायऱ्यांची बारव आहे. पाणी किती पायऱ्या खाली गेलं, हे उभ्या उभ्या मोजता येतं.

उजनी 1980 साली पूर्ण झालं. करमाळा तालुक्यातल्या गावांनी घरं, मळे, देवळं पाण्याखाली दिली. त्याच 117 टीएमसीच्या धरणातून सोलापूर शहराची तहान भागते. म्हणजे वरच्या शहराचं सांडपाणी आणि खालच्या शहराचं पिण्याचं पाणी, दोन्ही याच काठांवरून जातं. पुढच्या यादीत पुण्याचे गुण मोजताना दौंडच्या पुढे भीमेच्या पाण्याचा एक नमुना घ्यावा, एक केत्तूरला. मंत्रालयाला हे अवघड नाही.

ऊन वर येईस्तोवर होडी काठाला लागते. पाट्यांत चिलापी भरली जाते, जाळं धुवायला मात्र मच्छीमार बोअरचं पाणी वापरतो.